खुलं पत्र: कम्युनिटी कॉलेजला गेलेल्या पोरांची नावं पण स्टेजवरून वाचा

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आपल्या मराठी मंडळाच्या कमिटीला, आणि ज्यांची पोरं यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहेत अशा सगळ्या आईबाबांना,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, जूनमधल्या पिकनिकला आपण हायस्कूल संपवलेल्या मुलांचा सत्कार केला. छानच झाला कार्यक्रम, एकेकाचं नाव पुकारलं, पुढे कुठे जाणार ते वाचलं, बर्कली म्हटलं की जोरात टाळ्या, यूसीएलए म्हटलं की जोरात टाळ्या, दूरच्या कुठल्या स्टेटचं नाव आलं की जरा बेताच्या टाळ्या. आमच्या ओळखीतला एक मुलगा तेव्हा मागे वडापावच्या टेबलाशी उभा राहून चटण्यांचे डबे उघडून देत होता. त्याचं नाव आलंच नाही. मला वाटलं चुकून राहिलं असेल, म्हणून त्याच्या आईला म्हटलं अगं कमिटीला सांग की, तर ती इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "अगं फॉर्मच नाही भरला. कम्युनिटी कॉलेजला जातोय तो. स्टेजवर काय सांगायचं?"

(कम्युनिटी कॉलेज म्हणजे कमी फीचं सरकारी कॉलेज, पहिली दोन वर्षं तिथे करून पुढे युनिव्हर्सिटीत जाता येतं.) आणि हे ती मला सांगतेय. मी त्याच कॉलेजात शिकते हे तिला चांगलं माहितीये, गेल्याच महिन्यात तिने मला विचारलं होतं, कसं चाललंय गं तुझं कॉलेज, छान आहे, वेळ बरा जातो ना? म्हणजे कॉलेज एकच, पण माझ्यासाठी तो टाइमपास आणि तिच्या पोरासाठी नापास. तेव्हा काही बोलले नाही, वडापाव खाल्ला आणि घरी आले. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मी कोण ते सांगते. वय 38, मुलुंड ईस्टची, बीकॉम, मुंबईत बँकेत नोकरी, मग लग्न आणि नवऱ्याच्या मागोमाग एच-4 वर इकडे. एच-4 म्हणजे काय ते आपल्यातल्या निम्म्या बायकांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी, नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. नवऱ्याचा आय-140 (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर होऊन ईएडी (काम करायचा परवाना) हातात पडेपर्यंत पगार घेता येत नाही, बँकेत जॉइंट अकाउंट आणि सगळ्या फॉर्मवर आपण "डिपेंडंट". पण एच-4 वर शिकता येतं, त्याला वेगळा व्हिसा लागत नाही, ही एवढी साधी गोष्ट कळायला मला चार वर्षं लागली! आणि कॅलिफोर्नियात वर्षभर राहिल्याचे कागद दाखवले की एच-4 वाल्यांनाही रेसिडेंटचीच फी लागते. ती किती, तर युनिटला 46 डॉलर. 2012 पासून तेवढीच आहे. माझा केमिस्ट्रीचा कोर्स 5 युनिटचा होता, म्हणजे 230 डॉलर, वर थोडी किरकोळ फी आणि लॅबचा गॉगल. यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, आज नवीन शिरणाऱ्याला नुसती ट्यूशन वर्षाला 15,000 च्या आसपास पडते, राहणं-खाणं वेगळं. हिशोब तुम्हाला करायला सांगत नाही, तुम्ही सगळे स्प्रेडशीटवालेच आहात.

तर मी एन्व्हायर्न्मेंटल सायन्स घेतलं. का घेतलं हे मला सुरुवातीला नीट सांगता यायचं नाही. एफवायबीकॉमला आम्हाला ईव्हीएसचा पेपर होता, कंपल्सरी. 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने एम. सी. मेहतांच्या याचिकेवर निकाल दिला की पर्यावरण हा विषय शिकवलाच पाहिजे, म्हणून तो सगळ्या कॉलेजांत आला. कोर्टाचा हेतू उत्तमच, पण आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याची गाइड झाली होती. परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स, "प्रदूषणाचे प्रकार सांगा", हवा, पाणी, ध्वनी, माती, आणि शेवटी उपाय म्हणून जनजागृती. प्रोजेक्टची फाइल मी मैत्रिणीकडून घेतलेली, तिने तिच्या ताईकडून. कॉलेज हायवेच्या पलीकडे आणि हायवेच्या अलीकडे भांडुप-मुलुंडची मिठागरं, रोज बसमधून मिठाचे पांढरे ढीग दिसायचे, आणि संपूर्ण वर्षात एकाही सरांनी किंवा मॅडमनी त्या खिडकीबाहेर बोट केलं नाही. मीही कधी गेले नाही. तिकडे काय, चिखल आणि डास, असंच घरी म्हणायचे.

इकडे पहिल्या सेमिस्टरला चौथ्याच आठवड्यात आम्हाला बाहेर नेलं. कुठे, तर अल्विसोला, सॅन होजेच्या टोकाला खाडीकाठी. आणि समोर काय, तर मिठागरं!

तुम्ही सगळ्यांनी ती बघितलीयत. इंडियाहून येताना विमान खाली उतरायला लागलं की खाडीच्या कडेला लाल, नारिंगी, हिरवे चौकोन दिसतात ना, पोरं विचारतात आई ते काय आहे आणि आपण म्हणतो काहीतरी असेल बाबा, बेल्ट लाव. ती मिठागरं. रंग मिठाचा नाही, त्यात राहणाऱ्या जिवांचा आहे, पाणी थोडं खारट असेल तर एक प्रकारचं शेवाळ आणि हिरवा रंग, खारटपणा वाढत गेला की दुसरे जीव आणि लाल-गुलाबी रंग. आपल्याकडे एका सीझनमध्ये, पावसाच्या आधी मीठ निघतं. इथे त्याच पाण्याचं मीठ व्हायला साधारण 5 वर्षं लागतात, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत फिरवत. 2003 मध्ये सरकारने यातली 15,100 एकर जागा कारगिल कंपनीकडून घेतली आणि बांध फोडून तिथे परत भरती-ओहोटीचं पाणी आत घ्यायचं काम सुरू केलं, ते अजून चालू आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं असलं सगळ्यात मोठं काम आहे हे, आणि ते आपल्या घरापासून वीस मिनिटांवर. आपण त्याच्या बाजूच्या 237 हायवेवरून रोज ट्रॅफिकला शिव्या घालत जातो.

बांधावर उभी होते, गुडघ्यापर्यंत बूट, वास तोच, अगदी तोच, कांजूर ते मुलुंड लोकलच्या दारात उभं राहिल्यावर येतो तो खाजणाचा वास. सर सांगत होते चिखलातला सल्फेट वापरणारे बॅक्टेरिया आणि त्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड, आणि माझ्या डोक्यात चालू होतं की आपल्याकडच्या आगरी लोकांचं नावच मुळी आगरावरून पडलंय असं म्हणतात, त्यांच्या आज्यांना हे सगळं हायड्रोजन सल्फाइड न म्हणता माहीत असणार. रात्री भावाला फोन केला, म्हटलं आपल्याकडची मिठागरं कशी आहेत. तो म्हणाला, तिथे धारावीच्या पुनर्वसनाची घरं बांधायचं घाटतंय, पेपरात रोज येतंय. म्हणजे इकडे बांध फोडून पाणी आत घेतायत, तिकडे भराव घालायचं चाललंय. यावर माझं मत आहे पण ते इथे मांडत बसत नाही, धारावीतल्या माणसाला घर हवंच आहे आणि मी इकडे चार बेडरूममध्ये बसून त्याला फ्लेमिंगो शिकवणं बरं दिसत नाही.

असो. मुद्दा असा की तो मुलगा, चटणीचे डबे उघडणारा, त्यालाही हाच विषय घ्यायचाय. त्याच्या आईची दुसरी काळजी ती. एक तर कम्युनिटी कॉलेज, त्यात पर्यावरण. "म्हणजे काय करणार, झाडं लावणार का?"

काकू (तुम्ही माझ्याच वयाच्या आहात पण पोरं तुम्हाला काकू म्हणतात म्हणून मीही म्हणते), झाडं लावायलाही अक्कल लागते, पण ते राहू दे. या विषयात काय करावं लागतं ते सांगते. केमिस्ट्रीचे दोन कोर्स, बायोलॉजी, फिजिक्स, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, जिऑलॉजी. मी कॉमर्सची, मोल म्हणजे काय हे मला 36 व्या वर्षी कळलं. पहिल्या टेस्टला 58 पडले आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले, मग लेकीला शाळेतून आणायची वेळ झाली म्हणून थांबवलं.

एक प्रयोग सांगते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. मीटर असतो त्याला, पण आमच्या मॅडम म्हणतात आधी हाताने. ओढ्यातून काचेच्या बाटलीत पाणी घ्यायचं, अजिबात बुडबुडा न येऊ देता, बाटली तिरकी धरून पाण्याखालीच बूच लावायचं. मग त्यात मँगनीज सल्फेट, मग आयोडाइडचं द्रावण, बाटलीत तपकिरी साका तयार होतो, ऑक्सिजन जितका जास्त तितका तो गडद. मग ॲसिड टाकलं की सगळं विरघळून सोनेरी पिवळं होतं, आपल्या कोऱ्या चहासारखं. थोडं स्टार्च टाकलं की एकदम निळं. आणि मग ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंब थेंब सोडत राहायचं, निळं, निळं, फिकट निळं, आणि मग एक थेंब असा येतो की निळा रंग जातोच, पाण्यासारखं स्वच्छ. तो थेंब चुकला की परत पहिल्यापासून. आम्ही तीन जण एका टेबलावर, मी, एक 19 वर्षांची मुलगी जी रात्री टॅकेरियात, म्हणजे टाकोच्या हॉटेलात, काम करते, आणि एक 52 वर्षांचे रूफर, आयुष्यभर छपरं घातली, गुडघे गेले म्हणून शिकायला आले. तिघंही श्वास रोखून त्या थेंबाकडे बघत होतो. आकडा आला लिटरला 8.2 मिलिग्रॅम. 20 डिग्रीच्या स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त 9.1 मावतो, म्हणजे ओढ्याची तब्येत बरी होती त्या दिवशी. ते रूफर काका म्हणाले, या ओढ्याच्या वरच्या अंगाला मी वीस वर्षं काम केलंय, यात मासा जगतो हे मला माहीत नव्हतं. ग्वादलुपे नदीत तर सॅन होजेच्या डाउनटाउनमध्ये चिनूक सालमन येतात, एसएपी सेंटर स्टेडियमच्या बाजूला. मलाही माहीत नव्हतं. तुम्हाला होतं?

त्याच नदीत मासे खाऊ नका अशा पाट्या पण आहेत, कारण वर न्यू अल्माडेनची पाऱ्याची खाण होती. 1840 च्या दशकात सुरू झाली, गोल्ड रशमधलं सोनं वेगळं करायला पारा लागायचा तो इथून जायचा. खाण कधीच बंद झाली पण पारा दरवर्षी पावसात वाहत खाली येतो आणि अल्विसोच्या चिखलात बसतो, आणि तिथले ते वासवाले बॅक्टेरिया त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते माशात जातं, माशातून पक्ष्यात. म्हणून मिठागराचे बांध एकदम फोडून चालत नाही, चिखल ढवळला की पारा वर येणार, तर थोडं उघडायचं, मोजायचं, परत थोडं उघडायचं. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की "पर्यावरण वाचवा" असलं काही नसतं, असतं ते हे, कुठलं दार किती इंच उघडायचं.

आता ज्याने माझी झोप उडवली ते सांगते. जिऑलॉजीच्या सरांनी सांगितलं की सॅन होजेची जमीन गेल्या शतकात सुमारे 13 फूट खाली गेली. तेरा फूट! भूकंपाने नाही, पाणी उपसून. इथे सगळीकडे जर्दाळू आणि प्लमच्या बागा होत्या ना, त्यांच्या विहिरींनी इतकं उपसलं की खालचे मातीचे थर चेपले, आणि चिकण माती एकदा चेपली की परत फुगत नाही. म्हणून अल्विसो समुद्रसपाटीच्या खाली आहे, 1983 मध्ये तिथे पूर आला तेव्हा अख्खं गाव पाण्यात होतं. 1970 च्या आसपास हे धसणं थांबलं. कसं थांबलं, तर एक म्हणजे बाहेरून कालव्याने पाणी आणलं, आणि दुसरं म्हणजे पावसाचं पाणी अडवून तळ्यांत सोडलं आणि जमिनीत मुरवलं. आपण सगळे पोरांना घेऊन स्टीव्हन्स क्रीकच्या धरणावर ट्रेकला जातो ते 1935 चं, ते मुळात यासाठीच बांधलेलं. मग सरांनी कॅम्पबेलमधल्या तळ्यांचा फोटो दाखवला आणि म्हणाले, पर्कोलेशन पाँड.

आणि मी वर्गात मोठ्याने म्हटलं, पाझर तलाव.

माझी आजी साताऱ्यातल्या माणची. 72 च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जायची, पोटात माझी आत्या. सुकडी मिळायची, आणि मिलो मिळायची, ती लाल ज्वारी, अमेरिकेतून आलेली, आजी म्हणायची जनावरं खात नव्हती ती आम्ही खाल्ली. तो तलाव आजही आहे, गावाबाहेर, उन्हाळ्यात कोरडा. लहानपणी सुट्टीत गेलं की आम्ही त्याच्या भरावावरून घसरायचो आणि मला वाटायचं काय हा बेकार तलाव, यात पाणीच राहत नाही. राहू नयेच म्हणून तो बांधला होता हे मला कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात 37 व्या वर्षी कळलं. आजी असती तर तिला फोन केला असता. ती म्हणाली असती, मग तुला काय वाटलं, आम्ही उगाच माती वाहिली?

सरांनी मला पुढच्या क्लासला दहा मिनिटं दिली बोलायला. हे सर दिवसा पाण्याच्या खात्यात काम करतात, संध्याकाळी शिकवतात. बाकीचे दोघं-तिघं तीन-तीन कॉलेजांत शिकवतात, इथे लोक त्यांना फ्रीवे फ्लायर म्हणतात, ऑफिस नाही, शंका विचारायची तर गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून. हे वाईटच आहे, त्यात गोड मानून घेण्यासारखं काही नाही. काउन्सेलरची अपॉइंटमेंट सेमिस्टरच्या सुरुवातीला मिळता मिळत नाही. पुरेशी मुलं नसली की क्लास कॅन्सल होतो, माझा एक झाला, एक सेमिस्टर गेलं. आणि जे येतात ते सगळे पुढे युनिव्हर्सिटीत पोचतात असंही नाही, बरेच मधेच गळतात, नोकरीमुळे, भाड्यामुळे, पोरांमुळे. हे मी लपवत नाहीये. पण गळतात ते अभ्यास सोपा आहे म्हणून नाही.

बाकी ते ट्रान्सफरचं. याबद्दल आपल्यात इतके गैरसमज आहेत की मला वाटतं मंडळाने एक रविवार यावरच घ्यावा, दरवेळी एसएटी या प्रवेश परीक्षेवर लेक्चर असतं. कॅलिफोर्नियाने 1960 मध्ये मास्टर प्लॅन केला, यूसी, सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि कम्युनिटी कॉलेज असे तीन जिने, आणि खालच्या जिन्यावरून वरच्यावर जायचं दार तेव्हाच ठेवलेलं. आज 116 कम्युनिटी कॉलेजं आहेत. पहिली दोन वर्षं इथे, मग युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला. कुठल्या कोर्सच्या बदल्यात कुठला कोर्स धरतात ते सगळं असिस्ट नावाच्या सरकारी साइटवर कॉलेजवार लिहिलेलं आहे. आणि यूसीच्या सहा कॅम्पसना टॅग म्हणून ॲग्रीमेंट असतं, डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ, ठरलेले कोर्स आणि ठरलेले मार्क असले की ॲडमिशन पक्की, मात्र विषयाप्रमाणे अटी बदलतात, त्या बघा. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगोला ही हमी नाही, तिथे नुसता अर्ज करायचा आणि देव पाण्यात ठेवायचे. पण तिथेही मुलं जातात. आणि डिग्रीवर शेवटी नाव युनिव्हर्सिटीचंच येतं, हे सांगायची मला लाज वाटतेय कारण मग माझं सगळं पत्र फुकट गेलं, पण तुम्हाला तेच ऐकायचंय म्हणून सांगते.

नोकरीचं पण विचाराल. अल्विसोच्या वाटेवर सॅन होजेचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आहे ना, साधारण 14 लाख लोकांचं सांडपाणी तिथे येतं, म्हणजे हे पत्र वाचणाऱ्या बऱ्याच जणांचं. असली केंद्रं चालवायला ऑपरेटर लागतात, स्टेटची परीक्षा असते, ग्रेड 1 ते 5, आणि त्याची तयारी कम्युनिटी कॉलेजांत होते. माझ्या वर्गातला एक जण त्याच वाटेवर आहे, आधी आर्मीत होता. तुमच्या मुलाने हेच करावं असं म्हणत नाही, पण टेकमध्ये ले-ऑफचा मेल आल्यावर आपण सगळे कसे गप्प होतो ते गेल्या दोन-तीन वर्षांत बघितलंय मी. संडासचा फ्लश कोणी ले-ऑफ करत नाही.

आणि टेकवरून आठवलं. आपल्या सँटा क्लारा काउंटीत 20 पेक्षा जास्त सुपरफंड साइट (केंद्र सरकारच्या यादीतल्या विषारी प्रदूषणाच्या जागा) आहेत, देशातल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. चिप धुवायची सॉल्व्हंट जमिनीतल्या टाक्यांतून गळली आणि भूजलात गेली, 1980 च्या सुमाराला ते उघडकीला आलं. तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये कधीतरी खाली बघा, डांबरात गोल लोखंडी झाकण दिसेल, त्यावर मॉनिटरिंग वेल असं लिहिलेलं. अजून पाणी काढून तपासतायत. ज्या कॉलेजचं नाव घ्यायला आपण लाजतो तिथली मुलं ते झाकण उघडून आत बेलर (पाण्याचा नमुना काढायची नळी) सोडायला शिकतात, आणि वर काचेच्या बिल्डिंगमधली आपली माणसं टेस्लाचं चार्जिंग शोधत त्यावरून गाडी नेतात. टोमणा आहे, हो. नवऱ्याची गाडीही तीच आहे.

आता मागणी काय आहे ती सांगते, उगाच पत्र नाही लिहिलंय.

सत्काराच्या फॉर्ममध्ये "युनिव्हर्सिटीचे नाव" असा रकाना आहे तो बदला, "पुढे काय करणार" असं लिहा. मग कोणी कम्युनिटी कॉलेज लिहील, कोणी एक वर्ष नोकरी लिहील, कोणी अजून ठरलं नाही लिहील, सगळं वाचा. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी नाव वाचल्यावर तो जो छोटासा पॉज येतो ना, "अच्छा... कम्युनिटी कॉलेज", तो घेऊ नका. तो पॉज मुलांना ऐकू येतो. आईबाबांना त्याहून जास्त ऐकू येतो.

दुसरं, घरी. पोराने सांगितलं की कम्युनिटी कॉलेजला जातो तर लगेच "का रे, मार्क कमी पडले का" हा प्रश्न नको. या मुलाला तर तीन ठिकाणी ॲडमिशन होती, त्याने स्वतः हिशोब केला आणि नको म्हणाला, बाबांची नोकरी जाऊन पाच महिने झाले होते. हे त्याच्या आईने मला नंतर सांगितलं, तेही डोळे पुसत, जसं काही पोराने चोरी केलीय. अगं, 18 व्या वर्षी इतका हिशोब आपल्याला येत होता का? मी 18 व्या वर्षी मैत्रिणीची ईव्हीएसची फाइल स्वतःचं नाव चिकटवून दिली होती.

तिसरं, ज्या बायका एच-4 वर घरी बसून आहेत, त्यांच्यासाठी. फक्त एक क्लास घ्या. एकच. मुलं शाळेत असताना सकाळचा घ्या. इंग्लिश बोलताना अडखळलं तरी चालतं, माझ्या टेबलावर तिघं होतो आणि तिघांचं इंग्लिश तीन तऱ्हेचं होतं, थेंब कळायला तेवढं पुरलं. पगाराची इंटर्नशिप मला घेता आली नाही, ऑफर आली होती, व्हिसामुळे सोडावी लागली, त्या दिवशी खूप वाईट वाटलं. मग बिनपगारी रोपं लावायला जाते शनिवारी, अल्विसोच्या बांधावर. घरी म्हणतात फुकट राबतेस. बरोबर आहे. आजीला निदान सुकडी तरी मिळाली.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी ओहोटी चांगली आहे, मी बारा-पंधरा जणांना घेऊन जाऊ शकते. तो मुलगा पण येणार आहे, तोच माहिती सांगेल, मी मागे उभी राहीन. जुने बूट आणा, पांढरे नको. पोरांना आणा, आजी-आजोबा आले असतील तर त्यांना नक्की आणा, बांध सपाट आहे, चालता येतं. खायला मी काही आणणार नाही, ज्याने त्याने आपापलं.

कळावे, लोभ असावा.

तुमचीच,
मुलुंडची एक विद्यार्थिनी, सेमिस्टर पाचवं

ता. क. गेल्या गणपतीत महाप्रसादाला आपण ज्या "कम्पोस्टेबल" प्लेट्स आणल्या होत्या, त्यावर मी क्लासचा प्रोजेक्ट केला, तीन पिशव्या उघडून सगळं वेगळं केलं. सगळ्यात जास्त काय निघालं, तर अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या. आणि हॉलचा हिरवा डबा ज्यांच्याकडे जातो त्यांना फोन करून विचारलं, ते असल्या प्लेट्स घेतच नाहीत, बाजूला काढून कचऱ्यात टाकतात. तेव्हा यंदा स्टीलची ताटं भाड्याने आणू, धुवायला मी आहे, अजून चार जण द्या. उरलेल्या प्लेट्सचे दोन खोके माझ्या गॅरेजमध्ये पडलेत, कोणाला हवे असतील तर घेऊन जा, नवरा रोज विचारतोय.